होम्सला पुरस्कार नाही? कोण म्हणतं!

पुण्यातल्या सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शेरलॉक होम्स साकारणाऱ्या एकाही नटाला आजवर मोठा पुरस्कार मिळालेला नाही, परीक्षक गुप्तहेराची भूमिका हलकी समजतात, जुन्या काळी पडद्यावर होम्स झालेल्या बॅसिल रॅथबोनचं तर होम्सने वाटोळं केलं, आणि आपल्याकडे डिटेक्टिव्हला विचारतो कोण? लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असलेल्या गावात हे बिनचौकशी पुढे ढकललं जातंय, याचं नवल वाटतं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात फसलेला आहे. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. तेव्हा त्याला ‘भरत पुरस्कार’ म्हणत. पहिला मान बंगाली नट उत्तम कुमारला मिळाला, दोन चित्रपटांसाठी मिळून: ‘अँटनी फिरिंगी’ आणि ‘चिडियाखाना’. दुसऱ्यात तो आहे ब्योमकेश बक्षी, बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्यायांचा डिटेक्टिव्ह. दिग्दर्शक सत्यजित राय, आणि त्या वर्षीचा दिग्दर्शनाचा पुरस्कारही त्यांना याच चित्रपटासाठी. (रायांच्या उत्तम चित्रपटांत मी तो धरणार नाही, पण ते असो.) म्हणजे अभिनयाच्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारात निम्मा वाटा डिटेक्टिव्हचा! आपल्या पिढीचा ब्योमकेश म्हणजे दूरदर्शनवरचा रजित कपूर. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो गांधीजींच्या भूमिकेसाठी, हे खरं. पण ब्योमकेश ही मालिका होती आणि हे पुरस्कार चित्रपटांचे. त्यात डावलण्याचा प्रश्नच येत नाही.

आता होम्स. रॉबर्ट डाउनी ज्युनियरला २०१० साली गोल्डन ग्लोब मिळाला, तो होम्सच्याच भूमिकेसाठी. विनोदी आणि संगीतप्रधान चित्रपटांच्या गटात मिळाला, म्हणून कोणी नाक मुरडेल तर मुरडो. ‘शेरलॉक’ मालिकेतल्या बेनेडिक्ट कम्बरबॅचला २०१४ मध्ये एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा पुरस्कार, आणि त्याच वर्षी त्याच्या वॉटसनला, म्हणजे होम्सचा जोडीदार झालेल्या मार्टिन फ्रीमनलाही. ख्रिस्तोफर प्लमरने १९७९ च्या ‘मर्डर बाय डिक्री’तल्या होम्ससाठी कॅनडाचा जिनी हा चित्रपट पुरस्कार घेतला. ‘एकाही नटाला नाही’ इथेच निकालात निघतं.

रॅथबोनचं काय? त्याची ऑस्करची दोन्ही नामांकनं १९३६ आणि १९३८ च्या चित्रपटांची, म्हणजे १९३९ मध्ये तो पहिल्यांदा होम्स झाला त्याच्याही आधीची. १४ चित्रपट करून १९४६ मध्ये तो बाहेर पडला आणि १९४८ मध्ये ‘द एअरेस’ या नाटकासाठी टोनी हा अमेरिकेतला नाट्यपुरस्कार घेऊन मोकळा झाला. साच्यात अडकल्याचा त्रास त्याला झाला, हे मान्य. वाटोळं मात्र नव्हे.

मजकुरात खरं आहे ते एवढंच, की होम्ससाठी अभिनयाचं ऑस्कर नामांकनसुद्धा कोणाला मिळालेलं नाही. पण कारण ‘हलकी भूमिका’ हे नसावं. १९७४ च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉइरो झालेल्या अल्बर्ट फिनीला नामांकन होतंच. ऑस्करचा पुतळा मात्र गेला संशयितांपैकी एक असलेल्या इन्ग्रिड बर्गमनकडे. मला खरी गोम इथे दिसते. गुप्तहेर पहिल्या दृश्यात असतो तसाच शेवटच्या दृश्यात असतो. ढासळतात, रडतात, कबुली देतात ते समोरचे. परीक्षकांना ढासळणारी माणसं आवडतात.

आणि होम्सच्या बाबतीत अन्याय शोधायचाच असेल, तर तो जेरेमी ब्रेटवर झाला. १९८४ ते १९९४, ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीच्या होम्स मालिकेचे ४१ भाग, तेही ढासळत्या प्रकृतीशी झगडत. माझ्या मते त्याच्याइतका होम्स कोणालाच सापडला नाही. त्याला ना ब्रिटनचा बाफ्टा, ना एमी. आणि मजकुरात त्याचं नावसुद्धा नाही.