संघटना आधी राज्याची, मग देशाची

डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात स्वच्छ करणारे आणि दातांची निगा शिकवणारे प्रशिक्षित कर्मचारी, यांच्या संघटनांच्या इतिहासावर मी एक लेख वाचला; त्यात लेखकाने १९२३ मध्ये क्लीव्हलंड येथे स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेपासून सुरुवात केली आहे. परंतु कनेक्टिकट राज्याची संघटना त्याच्या नऊ वर्षे आधी, म्हणजे १९१४ मध्येच उभी राहिली होती. त्याच राज्यातल्या ब्रिजपोर्टचे दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले आणि १९१३ मध्ये पहिला वर्ग सुरू केला. त्याच वर्गातून बाहेर पडलेल्या स्त्रिया शाळांमधून मुलांचे दात तपासू लागल्या, आणि संघटनेचे बळ मला तरी त्या शाळांतल्या कामातच दिसते.

आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची व्याख्या केली, राज्य दंत परिषदेकडे नोंदणीची तरतूदही केली. तरीही नागपुरात, जिथे खर्‍याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) रंगलेले दात घेऊन येणार्‍यांची वानवा नाही, तिथे दातांवरचे कीटण काढण्याचे काम बहुतेक दवाखान्यांत दंतवैद्यच करतात. नोंदणी वैयक्तिक पात्रतेची खात्री देते. कामाची कक्षा आणि वेतन यांवर बोलणी करायला मात्र संघटनाच लागते.