गोळ्या बाहेरून घ्या, माणूस घरी सांभाळा!

पुन्हा तेच! जिल्हा रुग्णालयात केसपेपरची रांग, मग मानसोपचार ओपीडीची रांग, मग औषधाच्या खिडकीवर तिसरी. तिथे चिठ्ठीवर पेनाने गोल करून कागद परत हातात: "रिस्पेरिडोन संपलंय, बाहेरून घ्या." अहो, दर महिन्याला बाहेरून घ्यायची ऐपत असती तर दादाला घेऊन पहाटेच्या एसटीने इथे कशाला आलो असतो? स्किझोफ्रेनियाची गोळी आहे ती. चार दिवस चुकली की त्याची झोप उडते, जेवणात विष कालवलंय म्हणून तो ताट भिरकावतो, आणि आई रात्रभर दाराला कडी घालून उंबऱ्याशी बसते. "पुढच्या आठवड्यात बघा" म्हणणाऱ्यांनी एक रात्र येऊन बसावं तिच्याजवळ.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे ना? त्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय: यादीतली आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे, कायम आणि फुकट. उपचारासाठी लांब जायला लागू नये. हाफवे होमसुद्धा, म्हणजे दवाखान्यातून सुटलेल्या मनोरुग्णाला देखरेखीखाली राहायची जागा, त्याच कलमात आहे. आमच्या तालुक्यात यातलं काय आहे? काहीही नाही. भरती करायचं म्हटलं तर राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला, आम्ही मराठवाड्यातले. आवरत नसलेल्या माणसाला घेऊन बसचा तो प्रवास करून बघा एकदा!

पैसा नाही म्हणतात. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याच्या नावाने थेट दाखवलेले साधारण हजार कोटी, त्यातले ८५० कोटी एकट्या बंगळुरूच्या निम्हान्स या केंद्राच्या मानसिक आरोग्य संस्थेला. निम्हान्सला द्या, जरूर द्या, तिथे मोठं काम चालतं. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानात असा मिसळलेला, की आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला काय आलं ते त्या कागदांत सापडतच नाही. मग जाब विचारायचा कुणाला? १४४१६ ला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन केला. टेलिमानसची ताई आपुलकीने बोलली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथूनच तर आलो होतो!

आई सत्तरीला आलीय. आतापर्यंत दादाचा वॉर्ड, नर्स, पहारेकरी सगळं तीच, एक पै न घेता. तिच्यानंतर दादाला कुठे ठेवायचं, याचं उत्तर एकाही साहेबाकडे नाही. खिडकीवर तीन महिन्यांचा साठा ठेवा, तालुक्याला मनोरुग्णांसाठी एक डे-केअर आणि जिल्ह्याला एक हाफवे होम द्या, आणि त्याचा पैसा जिल्हावार छापा, सगळ्यांना वाचता येईल असा.