‘चालाल तितके गुडघे झिजतील’: एका फॉरवर्डची झाडाझडती

पन्नाशी ओलांडलेल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गुडघा गाडीच्या टायरसारखा असतो, चालाल तितका झिजतो. एक्स-रेमध्ये गॅप कमी दिसला की ऑपरेशन ठरलेलंच. तोवर वंगणाचं नाहीतर स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या. फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक आणि करंट, पैसे पाण्यात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. शेवटचा मुद्दा झोंबला, पण तोच त्यातल्या त्यात खरा आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी टायर. रबर मेलेलं असतं, गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, जिवंत असते. तिला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की सुटते, आणि या दाबण्या-सुटण्यामुळे सांध्यातल्या द्रवातलं पोषण तिच्यात मुरतं. 2017 साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावणाऱ्यांत 3.5 टक्के, बैठ्या लोकांत 10.2 टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत 13.3 टक्के आढळला. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं आधीच सोडतात, त्यामुळे धावल्यानं गुडघे वाचतात असं यावरून म्हणता येणार नाही. टायरचा सिद्धांत मात्र इथंच पंक्चर होतो. शिवाय चालणं सोडलं की वजन वाढतं, आणि एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. तरुणपणी रोज तासन् तास उकिडवं बसणाऱ्यांत पुढे संधिवात जास्त आढळतो, हे बीजिंगमधल्या पाहणीत दिसलंय. पण म्हणून जेवायला मांडी घालायची नाही, असं कोणी सांगितलेलं नाही.

एक्स-रे आणि एमआरआयबद्दल एकच उदाहरण पुरे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या 710 जणांचे एमआरआय काढले. या सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ होते. तरी 89 टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड दिसला, आणि ज्यांना काडीचंही दुखत नव्हतं त्यांच्यातही प्रमाण जवळपास तेवढंच होतं. म्हणजे नुसत्या चित्रातल्या बिघाडावरून दुखणं ठरत नाही.

मग ऑपरेशन ठरलेलंच का? डेन्मार्कमध्ये सांधा बदलण्याजोग्या 100 रुग्णांवर झालेली चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांचा सांधा बदलून मग 12 आठवडे व्यायाम, आहार, सल्ला वगैरे दिलं. उरलेल्यांना ऑपरेशनशिवाय तेच. वर्षभरानं ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम होता, हे मान्य केलंच पाहिजे. पण गंभीर दुष्परिणामही त्यांच्यातच जास्त होते, आणि दुसऱ्या गटातल्या 50 पैकी फक्त 13 जण वर्षभरात ऑपरेशनकडे वळले.

इंजेक्शनं. वंगणाचं इंजेक्शन देऊच नका, असं कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2022 ची मार्गदर्शिका सांगते. स्टिरॉइडनं काही आठवडे बरं वाटतं. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन पाहिलं, तेव्हा वेदनेत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनहून फरक पडला नाही, कूर्चा मात्र जास्त पातळ झाली (2017). अमेरिकी लष्करी रुग्णालयांतल्या 156 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानं फिजिओथेरपीचा गट स्टिरॉइडच्या गटापेक्षा बरा होता.

आता शेक आणि करंट. ‘नाइस’ची तीच मार्गदर्शिका म्हणते: टेन्स आणि आयएफटी (दोन्ही करंटच्याच मशीन), अल्ट्रासाउंड, लेझर यांचा पुरेसा पुरावा नाही, देऊ नका. आणि आपल्याकडे? वीस मिनिटं शेक, दहा मिनिटं आयएफटी, जाताना व्यायामाच्या चित्रांची पुसट झेरॉक्स. पेशंट दहा दिवस येतो, स्वतः काही करत नाही, आणि मग फॉरवर्ड लिहिणाऱ्याला दोष कशाला द्यायचा?

खरं काम असं दिसतं. हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं. जमत नसेल तर बुडाखाली उशी ठेवून बैठक उंच करायची. दहा वेळा सहज झालं की उशी काढायची. करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण चोवीस तासांत ते पूर्ववत व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या वेळी कमी. मशीनला यातलं काहीच ठरवता येत नाही.

व्यायामाचीही फार बढाई नको. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2024 च्या, 139 चाचण्यांच्या आढाव्यात फायदा दिसतो, पण सरासरीनं तो लहानच आहे. त्यातून मला तर एकच प्रश्न पडतो: कोणाला, किती वजनानं, आठवड्यातून कितीदा? ‘मांडीचे व्यायाम दिले’ एवढंच लिहून संपणाऱ्या शोधनिबंधातून क्लिनिकमधल्या माणसानं काय उचलायचं? व्यायाम नेमका कसा दिला हे लिहिण्यासाठी 2016 पासून 16 मुद्द्यांची ‘सर्ट’ नावाची यादी आहे. आपल्या महाविद्यालयांतल्या एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधांना ती सक्तीची केली, तर तीस रुग्णांचा लहानसा प्रबंधही दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट: गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यावर पाय टेकवत नसेल, किंवा गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, तर आमच्याकडेही येऊ नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.