ते बघा, बोटीच्या डावीकडे

साताऱ्याचे मामा आले आणि म्हणाले, शिवस्मारक दाखव. म्हटलं मामा, ते झालेलंच नाही. त्यावर त्यांनी मामींकडे असं बघितलं की बघ, भाचा आता पेट्रोल वाचवतोय. मग काय, नेलं गिरगाव चौपाटीला. म्हटलं आता हा समोर समुद्र, शोधा तुम्हीच.

तेवढ्यात पांढरे बूट घातलेले एक काका कुणी न बोलावता आले.

"स्मारक ना? ते बघा, त्या बोटीच्या डावीकडे."

मामा डोळ्यांवर हात धरून बघायला लागले. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू.

"आज धुकं आहे," काका म्हणाले. भर दुपारी, घाम निथळत असताना.

"लिफ्ट आहे का हो?" मामींचा गुडघा दुखतो.

"लिफ्ट, म्युझियम, हॉस्पिटल, सगळं आहे. दोनशे बारा मीटर!"

"अहो काका, प्लॅनमध्ये आहे," मी.

"प्लॅनमध्ये आहे म्हणजे आहेच ना? सरकारी प्लॅन आहे तो!"

आता यावर काय बोलणार. तरी मी सांगितलं की मधे २०१८ मध्ये बातमी आलेली, पुतळा साडेसात मीटरने कमी केला आणि तेवढीच तलवार लांब केली, म्हणजे एकूण उंची तीच, हिशोब चोख. काका क्षणभर थांबले आणि मला म्हणाले, "तुम्ही मराठीच ना?"

आणि मामा गप्प! माझा सख्खा मामा!

अहो, मला महाराजांचं प्रेम कुणी शिकवायची गरज नाही. २४ डिसेंबर २०१६ ला पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झालं, नद्यांचं पाणी आलं, गडांवरची माती आली, ३,६०० कोटींचा आकडा आला तेव्हा टीव्हीसमोर बसून मीही घोषणा दिल्यात. मग २४ ऑक्टोबर २०१८ ला काम सुरू करायला बोटी निघाल्या, त्यातली एक खडकावर आपटून बुडाली, त्यात एक तरुण गेला, आणि बरोब्बर एका आठवड्याने तिकडे गुजरातेत १८२ मीटरच्या सरदारांचं उद्घाटन झालं. जानेवारी २०१९ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं आणि काम थांबलं. पर्यावरणवाल्यांचं, कोळी बांधवांचं म्हणणं आधी ऐकून घ्यायला काय झालं होतं? पण नाही, आधी पूजा, आधी कलश, आधी फोटो. आणि प्रत्येक निवडणुकीला परत तेच, फक्त उंची वाढवून. पैसे आपलेच ना शेवटी, माझे, मामांचे, त्या पांढऱ्या बुटांचेसुद्धा. पण हे विचारायला गेलं की आपण मराठी आहोत का ते आधी सिद्ध करा.

काकांनी जाताना मामांना "पुढच्या वेळी सकाळी या, स्पष्ट दिसतं" असा सल्लाही दिला. मामांनी त्यांना वाकून नमस्कार केला, मला चहापण विचारला नाही.

काल मामींचा फोन होता. गावात सांगून झालंय की स्मारक लांबून बघितलं, फार भव्य आहे, जवळून बघायचं होतं पण भाच्याने बोटीचे पैसे काढले नाहीत.