ध्वनिमुद्रण ब्रेल संगीतलिपीची जागा घेत नाही

‘अंध मुलांचे कान मुळातच तयार असतात, मोबाइलवर सगळे संगीत मिळते, तेव्हा ब्रेल संगीतलिपी शिकवणे म्हणजे वेळ फुकट घालवणे,’ असा मजकूर मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. ब्रेल संगीतलिपी म्हणजे उठावाच्या ठिपक्यांत लिहिलेले, बोटांनी वाचायचे संगीत. दादरला अंध विद्यार्थ्यांना पियानो शिकवत असल्यामुळे या मजकुराला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कान रियाजाने तयार होतो, अंधत्वाने नव्हे. डोळस विद्यार्थ्याचा कान कितीही चांगला असला तरी त्याच्यापुढचे पुस्तक कोणी काढून घेत नाही.

ध्वनिमुद्रणात सगळे मिळते, हेही खरे नाही. कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा हे ऐकून कळत नाही. एखादी जागा हळुवार वाजली, ती रचनाकाराने तशी लिहिली म्हणून की वादकाला तशी वाटली म्हणून, हेही कळत नाही. कागदावर दोन्ही कळते.

आपले संगीत गुरुमुखातून येते, हे मान्य. पण बालपणीच दृष्टी अधू झालेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीच स्वतःची स्वरलेखन पद्धती घडवली होती.

लिपी अवघड आहे, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. स्वतः ऑर्गनवादक असलेल्या लुई ब्रेल यांनी १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अक्षरांचेच सहा ठिपके संगीतालाही वापरले. त्यामुळे मराठी ब्रेलमधला ‘द’, म्हणजे १-४-५ क्रमांकांचे ठिपके, संगीतात ‘सी’ या पाश्चात्त्य सुराची एट्थ नोट (अर्ध्या काउंटचा, म्हणजे मात्रेचा, सूर) होतो, त्याला ६ जोडला की क्वार्टर (एक काउंट), ३ जोडला की हाफ (दोन काउंट) आणि दोन्ही जोडले की ‘य’सारखी दिसणारी होल नोट (चार काउंट). तीच खूण सिक्स्टींथचीही (पाव काउंट) असल्यामुळे नेमकी कोणती, हे बारमधले, म्हणजे तालाच्या एका ठरावीक विभागातले, काउंट मोजूनच ठरवावे लागते.

इथे ध्वनीची खरी मदत होते, पण क्रम पाळला तरच. माझी एक विद्यार्थिनी याच खुणेवर अडली होती. तिचे बोट त्या खुणेवर ठेवूनच मी तेवढाच एक बार, मोठ्याने काउंट म्हणत संथ लयीत मुद्रित केलेला, तिला ऐकवला. चार काउंट संपेपर्यंत सूर टिकला, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, ही सिक्स्टींथ असूच शकत नाही, बार इथेच भरला.’ पूर्ण रचना आधी ऐकवली असती, तर तिने ती पाठ केली असती आणि बोट ठिपक्यांवरून नुसते सरकले असते. पुढचा बार तिने आधी वाचला, वाजवला आणि मग पडताळून पाहण्यासाठी मुद्रण मागितले.