बारावीला कादंबरी शिकवताना कादंबरीपासून लांब कसं राहावं

बारावीच्या इंग्रजीचा नॉव्हेल सेक्शन शिकवायचा तर आधी त्या कादंबऱ्या वाचा, असं कुणी सुचवलं तर त्याचं बी.एड. नुकतंच झालंय असं समजा आणि चहा पाजून वाटेला लावा. युवकभारतीत, म्हणजे बोर्डाच्या इंग्रजीच्या पुस्तकात, कादंबरीचा इतिहास आहे आणि तीन उतारे: 'टू सर, विथ लव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज', 'द साइन ऑफ फोर'. ८० पैकी १६ गुण. शिकवायचा मुहूर्त म्हणजे तोंडी आणि प्रॅक्टिकलच्या मधली फट, जेव्हा सायन्सची पोरं वर्गात नसतात.

इतिहास शिकवू नका, जोड्या लावून घ्या. एपिस्टोलरी म्हणजे पत्रांतून उलगडणारी, झालं. नमुन्याला एखादं पत्र वाचून दाखवलंत तर पोरांना ते आवडेल, आणि आवडण्याला गुण नाहीत.

जूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड'च्या उताऱ्याची सोय तर विचारूच नका. तो कादंबरीच्या शेवटाकडचा. ८० दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावलेला नायक फॉग लिव्हरपूलच्या कस्टम हाउसमध्ये कोठडीत. वाटेत काय घडलं ते गाईडच्या चार ओळींत उरकतं. पण मूळ पुस्तकात हा माणूस मुंबईत उतरतो. त्याचा नोकर मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजारी त्याला बडवतात, बूट तिथेच राहतात. पुढे कोलकात्याची रेल्वे मध्येच संपते म्हणून फॉगला २,००० पौंडांना हत्ती विकत घ्यावा लागतो. यातलं चकार अक्षर वर्गात काढू नका. पोरं पुस्तक मागतील, आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते क्लार्क रजेवर आहेत.

तरी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारेलच, पैज हरलेला फॉग जिंकला कसा? पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला दिवस चार मिनिटांनी आखूड होतो; ३६० रेखांशांचे २४ तास होतात. फॉगने ८० वेळा सूर्य डोक्यावर आलेला पाहिला, लंडनमध्ये बसलेल्या मित्रांनी ७९ वेळाच. एवढं समजवायला एक वर्तुळ आणि पाच मिनिटं पुरतात, म्हणूनच टाळा. 'ही गेन्ड अ डे' एवढं लिहून द्या. भूगोलाच्या सरांचं काम आपण कशाला करायचं?

शेरलॉक होम्सच्या, म्हणजे 'साइन ऑफ फोर'च्या, उताऱ्यात उलटी गंमत. मेरी मॉर्स्टन त्याच्याकडे मदत मागायला येते, पोस्टाने आलेले सहा मोती दाखवते, लायसियम थिएटरच्या डावीकडून तिसऱ्या खांबापाशी बोलावणारी चिठ्ठी दाखवते, आणि कोडं सुटायच्या आत उतारा संपतो. गुन्हेगार कोण? अभ्यासक्रमाबाहेर. खजिन्याचं मूळ १८५७च्या आग्र्याच्या किल्ल्यात आणि अंदमानात आहे, तेही बाहेर. एका कादंबरीचं शेपूट आणि दुसरीचं तोंड शिकवून झालं की 'प्लॉट' हा घटक पूर्ण, अशी नोंद करा.

'टू सर'चा उतारा मात्र जपून. त्यात लंडनच्या ईस्ट एंडमधली पोरं, कुठल्या विषयात काय शिकलो, ते अख्ख्या शाळेसमोर सांगतात. डेनहॅम नावाचा पोरगा तर पी.टी.च्या तासाचे जाहीर वाभाडे काढतो आणि उत्तर देताना शिक्षकांची भंबेरी उडते. हे मोठ्याने वाचलंत की वर्ग शांत होऊन तुमच्याकडे बघू लागतो. त्यापेक्षा शीर्षकाचं महत्त्व लिहून द्या.

आता उत्तरं. सुमारे ५० शब्द, ४ गुण. व्यक्तिचित्रणाला 'ब्रेव्ह, इंटेलिजंट अँड काइंड' हा साचा फॉगला, मेरीला आणि सरांनाही चपखल बसतो. शब्दांखाली पेन्सिलने रेघ. सेटिंग, म्हणजे गोष्टीचं स्थळ-काळ-वातावरण, विचारलं तर हमखास घोटाळा होतो. पोरं गोष्टच सांगत सुटतात, कारण सेटिंग म्हणजे 'लंडन' यापलीकडे त्यांना कुणी काही दाखवलेलं नसतं. सप्टेंबरची संध्याकाळ, चिखलाळ रस्त्यावर उतरलेलं धुकं, स्ट्रँडवरच्या दिव्यांचे नुसते धूसर ठिपके, आणि त्यामुळे मेरीच्या मनावर आलेलं दडपण, हे दोन वाक्यांत येतं. पण त्यासाठी ते पान उघडावं लागतं.

वेळेचं म्हणाल तर १८० मिनिटांत ८० गुण, म्हणजे कादंबरीच्या वाट्याला ३६ मिनिटं. हा विभाग पेपरात शेवटी येतो, तेव्हा प्रत्यक्षात १५ उरतात. तेवढ्यात साचाच कामी येतो.

आणि एखादीने आईच्या मोबाइलवर अख्खी कादंबरी वाचून उत्तरात 'साइन ऑफ फोर'चा गुन्हेगार जोनाथन स्मॉल आणलाच, तर प्रिलिमलाच लाल शाईने 'नॉट इन एक्स्ट्रॅक्ट' लिहा आणि दोन गुण कापा. बोर्डाला पुन्हा असं करायची नाही.