एक वायर, दोन घराणी

आमची बिल्डिंग कोथरूडमधली, 1991 ची. बिल्डरने गच्चीपासून हॉलपर्यंत टीव्हीच्या वायरीसाठी भिंतीतून एक पाइप टाकून ठेवलाय. एकच. अर्धा इंची, वाटेत तीन एल्बो. माणसाला आयुष्यात एक टीव्ही, एक अँटेना आणि एक बायको पुरे असा त्याचा हिशोब असावा, आणि तिसऱ्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही.

त्या पाइपातून वर्षानुवर्षं बाबांच्या अँटेनाची वायर खाली येत होती. बाबांची अँटेना म्हणजे घरातली वडीलधारी व्यक्तीच. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर केंद्र उभं राहून ते पुण्यात दिसायला लागलं, हे बाबा स्वतः भूमिपूजनाला हजर असल्यासारखं सांगतात. आमच्या गच्चीतून सिंहगडाचा टॉवर दिसतो. "समोर दिसतोय तिथून चित्र येतंय, तुला आकाशात कशाला जायचंय?" हा त्यांचा प्रश्न होता आणि खरं सांगायचं तर त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी 2007 च्या मे महिन्यात मी डीटीएच घेतलं, म्हणजे गच्चीवर छत्री लावून थेट उपग्रहावरून टीव्ही.

बसवायला आलेला मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, भलताच हुशार. पाइपात जागा नाही म्हणल्यावर त्याने बाबांच्या जुन्या वायरीच्या टोकाला आपली नवी काळी वायर टेपने बांधली, खालून जुनी खेचली आणि जुनीच्या मागोमाग नवी सुळकन हॉलमध्ये. दहा मिनिटांत काम फत्ते. मी त्याला वर चहा दिला, पन्नास रुपये दिले. संध्याकाळी सातला बाबा बातम्या लावायला गेले तर टीव्हीवर मुंग्या.

"सिंहगड पाडलास," बाबा एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. पुढे पंधरा दिवस आमच्यात फक्त मीठ-वाढ एवढंच संभाषण. दूरदर्शन छत्रीवरही येतं हे मी तीनदा सांगून पाहिलं, पण तीन आकडे दाबून लागतं ते दूरदर्शन नव्हेच असं त्यांचं मत.

त्यात जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि बाबांची बाजू एकदम भक्कम झाली. छत्रीकडे येणाऱ्या लहरी अडीच-तीन सेंटिमीटरच्या, मुसळधार पावसात त्या वाटेतच खलास होतात. सिंहगडावरून येणाऱ्या लहरी मीटर-मीटर लांबीच्या, त्यांना पावसाचं काही सोयरसुतक नाही. म्हणजे जोराची सर आली की आमच्या हॉलमध्ये निळा पडदा आणि 'सिग्नल उपलब्ध नाही', आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून दूरदर्शनचा खणखणीत आवाज वर येतोय, आणि बाबा ओठ न हलवता हसतायत.

म्हणून ठरवलं, अँटेनाही परत आणायची. माझा जुना चौदा इंची टीव्ही बाबांच्या खोलीत, त्यावर सिंहगड. हॉलमध्ये छत्री. फक्त वायर आणायची कुठून?

इलेक्ट्रिशियनने पाइपात स्प्रिंग घातली, ती दुसऱ्या एल्बोला जी अडकली ती दोघांनी मिळून ओढली तेव्हा निघाली, येताना सिमेंटचा चुरा घेऊन आली. "साहेब, फोडावं लागेल," तो म्हणाला. दोनच महिन्यांपूर्वी त्या भिंतीवर पीओपी झालेलं. बायको काही बोलली नाही, नुसती दारात येऊन उभी राहिली. इलेक्ट्रिशियनने हत्यारं आवरली. बाहेरून खिडकीतून वायर सोडायची तर सोसायटीचं सर्क्युलर लागलेलं, लोंबत्या वायरी आढळल्यास कापण्यात येतील.

मग मी डोकं लढवलं, आणि घरात खरी वाट लागते ती इथेच. केबलवाले एका वायरीचे दोन फाटे करायला जो स्प्लिटर लावतात तो उलटा लावला तर दोनाचं एक होईल की! पंचवीस रुपयांचा डबा. गच्चीवर लावला, खाली आलो, तर स्क्रीनवर 'एलएनबी शॉर्ट सर्किट'.

आता हे काय असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर तापकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने समजावलं. छत्रीच्या तोंडाशी जे नाक असतं ना, एलएनबी, त्याला जेवण लागतं, तेरा किंवा अठरा व्होल्ट, आणि ते सेट टॉप बॉक्स खालून त्याच वायरीतून वर पाठवतो. आपली साधी अँटेना म्हणजे वाकवलेली एक अखंड नळी, करंटच्या दृष्टीने सरळ शॉर्ट. मी त्या डब्यातून छत्रीचं जेवण बाबांच्या अँटेनाला वाढत होतो आणि ती ते जमिनीवर सांडत होती. शिवाय तो डबा केबलसाठीचा, छत्रीच्या वरच्या फ्रिक्वेन्सी त्यातून धड जातच नव्हत्या.

"डायप्लेक्सर घ्या," दुकानदार म्हणाला. "दोन. एक वर, एक खाली. वर मिसळायचं, खाली निवडायचं." अँटेनाचा कारभार 862 मेगाहर्ट्झच्या आत, एलएनबीकडून खाली येतं ते 950 ते 2150 मध्ये, मध्ये रिकामी जागा. एकाच जिन्याने जाणारे दोन भाडेकरू, एक पहाटे दूध टाकतो, दुसरा रात्रपाळीला जातो, भेट व्हायचा प्रश्नच नाही. मी एवढा खूश झालो की बाबांना अगदी याच शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, "यात दूधवाला मी ना?" पहिल्यांदा पंधरा दिवसांत पूर्ण वाक्य बोलले.

रविवारी गच्चीवर चढलो. सेक्रेटरींकडून किल्ली, वाळत घातलेल्या गोधड्यांमधून वाट. छत्री आग्नेयेला, अँटेना नैऋत्येला, दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या, आणि मध्ये मी तोंडात पक्कड धरून. वरून 'आलं का' ओरडण्याचे दिवस आता गेले होते, आमच्याकडे मोबाईल होते, पण कॉलला पैसे पडतात म्हणून मिसकॉलची लिपी ठरवलेली. एक मिसकॉल म्हणजे हॉलमध्ये आलं, दोन म्हणजे बाबांच्या खोलीत आलं, तीन म्हणजे दोन्हीकडे. पहिला मिसकॉल आला. मग लगेच दुसरा. आता हा एक आणि एक आहे की सलग दोन? तेवढ्यात तिसरा. मी आनंदाने सामान गुंडाळून खाली आलो तर हॉलमध्ये निळा पडदा, बाबांच्या खोलीत मुंग्या, आणि ते तीन कॉल बायकोच्या माहेरचे... म्हणजे बायकोने माहेरी लावायला जाऊन चुकून मला लावलेले.

शेवटी दोष निघाला कनेक्टरमध्ये. वायरीच्या बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार आतल्या तांब्याला चिकटलेली. ती काढली आणि सगळं एकदम लागलं. खरंच सांगतो, एकाच वायरीतून सिंहगड आणि अवकाश दोन्ही खाली येतायत आणि हॉलमधल्या त्या काडेपेटीएवढ्या डबीत वेगळे होतायत, हे बघून मला इतका आनंद झाला की मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. बाबांनी आत बातम्या लावल्या. घरात शांतता नांदली.

ती 24 सप्टेंबरपर्यंत.

टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल, जोहान्सबर्ग, भारत-पाकिस्तान, आणि आमच्या घरी गणपती. स्पोर्ट्सचा पॅक मी घेतलेला नव्हता, त्यामुळे हॉलमध्येही दूरदर्शनच, फक्त छत्रीतून आलेलं. आणि छत्रीतलं चित्र वर छत्तीस हजार किलोमीटर जाऊन, दाबून, आवळून, उलगडून येतं म्हणून दोन-तीन सेकंद उशिरा येतं, हे मला सुरुवातीलाच कळलं. आतून बाबा "फोर!" म्हणून ओरडले तेव्हा आमच्या टीव्हीवरचा बोलर अजून पँटला चेंडू पुसत होता. इतके दिवस हा त्रास खालच्या काकूंकडून व्हायचा, आता मी तो स्वखर्चाने घरात आणला होता.

बाबांना विनवण्या केल्या. त्यांनी गणपतीसमोर शब्द दिला, तोंडातून आवाज काढणार नाही.

शेवटची ओव्हर. तेरा हव्यात. एक वाइडची मिळाली. आई आरतीसाठी तासभर खोळंबलेली, स्वयंपाकघरात निरांजन तयार. आतून बाबांचा खोल खोकला आला, आम्हाला कळलं सिक्स गेली. मग गेली. आता चार चेंडूत सहा. हॉलमध्ये अकरा माणसं आणि सगळ्यांचे कान बाबांच्या दाराकडे, टीव्हीकडे कोणी बघतच नव्हतं.

आणि आतून घंटा वाजली. पूजेची. शब्द दिला होता तो तोंडाचा, म्हणून ते जाताना घंटा घेऊन गेले होते.

इकडे जोगिंदर शर्मा अजून धावत येतोय, मिसबाह वाकतोय, चेंडू वर उडालाय, आणि घंटा ऐकून आई लगबगीने तबक घेऊन बरोबर टीव्हीसमोर येऊन उभी राहिली. "चला, उठा सगळे. झाली ना मॅच?"